पंचाहत्तर तारीख

आदरणीय अध्यक्ष स्टाफान ब्रेनलुंड, मंचावर उपस्थित मुख्य प्रशासक मारिता एकेग्रेन, समाजकल्याण समितीचे सर्व सदस्य, बेरितचे यजमान रूने आणि घरची मंडळी, कामातून अर्धा तास चोरून इथे आलेले माझे सहकारी, आणि जिच्यामुळे आपण सगळे जमलो ती बेरित लोव्हस्ट्रांड,

सर्वांना नमस्कार.

मी एस्किल नोर्बी. तळमजल्यावर आवक-जावकच्या खिडकीत बसतो. एरवी मी अध्यक्षांना जिन्यात स्टाफानच म्हणतो. मंचावरून आदरणीय म्हणायचं, एवढाच फरक. स्टाफान, तू हसलास, बरं वाटलं. पुढे हसायला फारसं नाही.

समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. तीन वाजायला पाच मिनिटं आहेत. टपालाची गाडी साडेतीनला येते. तिचा या भाषणाशी संबंध आहे, तो पुढे येईल. मी मधूनमधून घड्याळाकडे पाहीन. कृपया त्याला उद्धटपणा समजू नका.

माझ्याकडे दोन भाषणं आहेत. डाव्या खिशातलं मी महिन्यापूर्वी लिहिलं. त्यात बेरितची चौतीस वर्षं आहेत. तळघरात पाइप फुटला तेव्हा रबरी बूट घालून तिने वाचवलेले इमारतींचे नकाशे आहेत. शेवटी एक विनोद आहे. विनोद बरा आहे. रूने, ते भाषण मी तुला घरी पाठवीन.

उजव्या खिशातलं भाषण हे. आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी ते माझ्याच खिडकीतून आत घेतलं, शिक्का मारला, क्रमांक टाकला. म्हणजे आता ते नगरपालिकेचं दप्तर झालं. शहरातला कुणीही येऊन त्याची प्रत मागू शकतो आणि मला ती द्यावी लागेल. यातलं एकही पान मी आता गाळू शकत नाही. असं कुणी का करावं? ऐन वेळी आपण दुसऱ्या खिशात हात घालू, अशी भीती ज्याला असते तो असं करतो.

तेवीस वर्षांपूर्वी मी इथे आलो. दुसऱ्याच आठवड्यात एका गृहस्थांनी रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार पाठवली. पाकिटात पत्र होतं आणि खड्ड्यातून काढलेलं डांबराचं ढेकूळ. मी पत्राची नोंद केली आणि ढेकूळ हातात घेऊन बेरितकडे गेलो.

"हे टाकू ना?"

"कुणी पाठवलंय?"

"त्याच माणसाने. पण हे डांबर आहे."

"मला दिसतंय डांबर आहे. नोंद कर."

"काय लिहू?"

"डांबर. नग एक."

मला वाटलं, नव्या माणसाची फिरकी घेते आहे. ती फिरकी घेत नव्हती. तिने ढेकळाला खोका केला, खोक्यावर चिठ्ठी लावली. मी म्हणालो, "बेरित, हे कोण बघायला येणार आहे?" ती म्हणाली, "ते ठरवायला तुला नेमलेलं नाही, अरे. आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते आपण ठेवत नाही. कायदा सांगतो ते ठेवतो आणि कायदा सांगतो ते टाकतो. आपल्या आवडीने टाकायला लागलास की तू कारकून राहत नाहीस."

"मग काय होतो?"

"धोकादायक होतो."

ते ढेकूळ आजही तळघरात आहे. तिसरी रांग, वरून दुसरा कप्पा. गेल्या मंगळवारी मी जाऊन पाहून आलो. का पाहून आलो, ते सांगतो.

जे आपल्याकडे काम करत नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. जी कुटुंबं समाजकल्याण विभागाकडे मदतीला येतात त्यांच्या फायली आपण कायम ठेवत नाही. शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी त्या नष्ट करायच्या असतात. आम्ही त्याला निंदणी म्हणतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. एखाद्या घराच्या वाईट दिवसांचे कागद जन्मभर कुणाच्या कपाटात पडून राहू नयेत, असा त्यामागचा विचार आहे, आणि विचार चांगला आहे. फक्त एक अपवाद. महिन्याच्या पाच, पंधरा आणि पंचवीस तारखेला जन्मलेल्यांच्या फायली कधीच नष्ट करायच्या नाहीत. त्या पुढच्या काळातल्या अभ्यासकांसाठी. शंभर वर्षांनी कुणाला पाहायचं असेल, की ही माणसं कशी जगत होती, तर थोडे तरी कागद हवेत. ते थोडे कुणाचे? तर या तीन तारखांच्या लोकांचे. म्हणजे एक भाऊ चौदाला जन्मला आणि दुसरा पंधराला, तर एक पुसला जातो आणि दुसरा राहतो. ऐकायला विचित्र वाटतं. पण यात कुणाची आवडनिवड नाही. हेच बेरितला या कायद्यात सगळ्यात जास्त पटत आलं आहे.

दोन हजार चौदाच्या वसंतात ही निंदणी माझ्याकडे आली. बेरितने मला ती पाढ्यासारखी शिकवली. पाच, पंधरा, पंचवीस. प्रत्येकाच्या व्यक्तिक्रमांकात जन्मतारीख असतेच, तिच्यातले तारखेचे दोन आकडे बघायचे. शून्य पाच, एक पाच, दोन पाच असतील तर निळ्या गाडीवर. बाकीचं करड्या गाडीवर. करडी गाडी कागद फाडायच्या यंत्राकडे जाते. मी भराभर काम केलं. तीन आठवड्यांचं काम नऊ दिवसांत. मला त्याचा अभिमान होता. त्या वर्षीच्या नाताळच्या जेवणात मी तो बोलूनही दाखवला होता. इथल्या काहींना आठवत असेल.

आता सांगतो ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्यांची अजून इथे रहिवासी म्हणून नोंद झालेली नाही त्यांना तात्पुरता क्रमांक मिळतो. तो नेहमीच्या क्रमांकाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात तारखेच्या आकड्यात साठ मिळवतात. तीन तारीख असेल तर त्रेसष्ट. वीस असेल तर ऐंशी.

पंधरा असेल तर पंचाहत्तर.

करड्या गाडीवर मी पंचाहत्तर टाकले. पासष्ट टाकले. पंच्याऐंशी टाकले. एकूण अकरा फायली. नष्ट केल्याच्या यादीवर सही बेरितची आहे. हात माझे.

पंचाहत्तर तारीख कुठल्याच महिन्यात नसते, हे मला तेव्हा दिसलं नाही का? दिसलं. हे मी या सभागृहात पहिल्यांदा सांगतो आहे, बेरितलाही पहिल्यांदाच. एक फाईल हातात घेऊन मी थांबलो होतो. ही तात्पुरत्या क्रमांकाची, हे मला कळलं होतं. यादीत पंचाहत्तर नव्हतं. बेरित दोन मजले वर होती. मी मनात म्हणालो, जिना चढायचा, विचारायचं, पुन्हा उतरायचं. मग म्हणालो, यादीत नाही ना, मग नाही. आणि टाकली.

तीन वाजून चार मिनिटं. ठीक आहे.

सप्टेंबरमध्ये एका तरुण बाईंचा मेल आला. आपल्या लहानपणाची फाईल हवी होती. मी उत्तर दिलं, दोन ओळींचं: आपली फाईल कायद्यानुसार नष्ट करण्यात आली आहे, कळावे. असं उत्तर मी वर्षाला चाळीस जणांना देतो. चार दिवसांनी त्या खिडकीशी आल्या.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. गोपनीयतेचा कायदा सांगू देत नाही. बाकीचं सांगायला त्यांनी लेखी परवानगी दिली आहे, तीही दप्तरात आहे. त्या काय काम करतात तेही सांगणार नाही, पण इथल्या बऱ्याच जणांनी त्यांना रोज सकाळी हसून हाय म्हटलेलं आहे.

त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, कायद्यानुसार."

"हो."

"मी कायदा वाचला."

मी म्हणालो, "बरं केलंत." खिडकीतला माणूस म्हणतो तसं, उगाच.

"माझी जन्मतारीख पंधरा आहे. पंधराचे ठेवतात, असं त्यात आहे."

"मग गफलत होत असेल. ज्यांची तारीख पंधरा त्यांची फाईल असणारच. क्रमांक सांगा."

त्यांनी आताचा क्रमांक सांगितला, पंधराचा. त्या क्रमांकाने जुन्या यादीत काहीच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "लहानपणी आम्ही रोमानियाहून इथे आलो तेव्हा माझा दुसराच नंबर होता. मावशीने जपून ठेवलाय." आणि पर्समधून एक घडी घातलेलं कार्ड काढून खिडकीच्या पट्टीवर ठेवलं. तारखेच्या जागी पंचाहत्तर होतं.

मला बसावं लागलं. मी बसलेलाच होतो, तरी मला बसावं लागलं.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला पाणी हवंय का?"

त्या मला पाणी विचारत होत्या.

मी बेरितला बोलावलं. तिने कार्ड पाहिलं, यादी पाहिली, स्वतःची सही पाहिली. मला वाटलं, आता म्हणेल, थोडा वेळ द्या, तपासून कळवतो. आपण सगळे हेच म्हणतो ना? हे वाक्य आपल्याला झोपेतही येतं. तिने काचेवरच्या छोट्या झडपेतून बोलायचं सोडून दार उघडलं, बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुमची फाईल कायद्यानुसार नष्ट झालेली नाही. कायद्याविरुद्ध झाली आहे. चूक आमची आहे."

"म्हणजे ती मिळेल?"

"नाही. ती नाहीच."

"मग तुमची चूक घेऊन मी काय करू?"

बेरितने त्यांना आत नेऊन स्वतःची खुर्ची दिली. मग विचारलं, फाईल कशासाठी हवी होती.

त्या बाईंना फाईल कशासाठी हवी होती? त्या सहा वर्षांच्या असताना आईबरोबर इथे आल्या. दीड वर्ष राहिल्या, मग परत गेल्या. त्या नऊ वर्षांच्या असताना आई वारली. मावशीने एवढंच सांगितलं होतं, की तुझी आई नगरपालिकेशी तुझ्याबद्दल खूप बोलायची. "माझ्याकडे तिचा एक फोटो आहे," त्या म्हणाल्या. "पण ती कशी बोलायची ते माझ्याकडे कुठेच नाही. मला वाटलं, तुम्ही लिहून ठेवलं असेल. तुम्ही लोक सगळं लिहून ठेवता."

त्यानंतर सहा आठवडे बेरितने जेवणाची सुट्टी घेतली नाही. निरोपाच्या आधीचे सहा आठवडे, जेव्हा माणूस टेबल आवरतो. शाळेचे कागद, दवाखान्याचे कागद, सगळं पालथं घातलं. फाईल नव्हती. पण आवक नोंदवही कधीच नष्ट होत नाही. सोमवारी दुपारी तिने मला हाक मारली, "एस्किल, इकडे ये. हे अक्षर कुणाचं?"

माझं. दोन हजार सात, ऑक्टोबर. आईने पत्र पाठवलं होतं. कुठल्या खात्याला पाठवायचं ते माहीत नसावं, म्हणून पाकिटावर फक्त नगरपालिका लिहिलेलं, आणि ते माझ्या खिडकीत आलं. मी लिहिलं होतं: हस्तलिखित. रोमानियन भाषेत. दोन पानं. विषय, मुलीबद्दल. पुढे पाठवले.

म्हणजे ते पत्र दोनदा माझ्या हातात आलं. एकदा आत घेताना, एकदा टाकताना. दोन्ही वेळा मी ते वाचलं नाही. पहिल्या वेळी मला ती भाषा येत नव्हती. दुसऱ्या वेळी फाईल उघडायचंही काम नव्हतं.

मी बेरितला म्हणालो, "हे तिला नको सांगू या."

"का?"

"आता तिला वाटतंय, फाईल गेली. हे कळलं तर तिला कळेल, की आईचं पत्र गेलं. दोन पानं. आईच्या हातची. कशाला?"

"नोंदवही तुझी आहे का?"

"नाही."

"माझी आहे?"

"बेरित..."

"मग तिला बोलाव."

मंगळवारी त्या आल्या. बेरितने नोंदवही त्यांच्याकडे वळवून ठेवली आणि ओळीखाली पट्टी धरली. त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"म्हणजे तुम्ही ते पत्र पाहिलंय."

"हो."

"शाई कुठली होती?"

मंडळी, मला ते आठवत नाही. त्या दिवशी साठ पत्रं आली असतील. पण त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, की मी निळी म्हणणार होतो. तोंडात आलं होतं. पत्रं बहुतेक निळ्याच शाईत असतात. त्यांना निळी शाई मिळाली असती, घरी घेऊन गेल्या असत्या. कुणाचं काय बिघडलं असतं?

मी म्हणालो, "आठवत नाही."

"कागद? रेघांचा होता?"

"आठवत नाही."

त्यांनी मान हलवली. मोबाइल काढून त्या ओळीचा फोटो घेतला. माझ्या अक्षराचा. त्यांच्या आईबद्दल या देशात शिल्लक असलेली एकमेव ओळ माझ्या अक्षरात आहे. जाताना म्हणाल्या, "मुलीबद्दल, असं लिहिलंय. म्हणजे माझ्याबद्दल. दोन पानं." आणि गेल्या.

बेरित मला म्हणाली, "निळी म्हणाला असतास तर मी आयुष्यात तुझ्याशी बोलले नसते."

"तुला कसं कळलं?"

"तुझे ओठ हलले होते."

मग मी तळघरात गेलो आणि ते डांबर पाहून आलो. नग एक. व्यवस्थित आहे.

तीन वाजून बारा मिनिटं. आता मारिता, तुझी क्षमा मागून.

अकरा फायली होत्या. उरलेल्या दहा माणसांना अजून काहीच माहीत नाही. बेरितने दहा पत्रं तयार केली. साधी पत्रं. तुमची फाईल ठेवायला हवी होती, ती आम्ही चुकून नष्ट केली, नोंदवहीत तुमच्याबद्दल जे सापडलं ते सोबत जोडलं आहे, तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता खाली आहे. दहाही पत्रांवर तिची सही आहे. मारिता, तू ती वाचलीस आणि म्हणालीस, "वकिलांचं मत येऊ दे. आणि निरोपाच्या आठवड्यात कशाला? बेरितचा दिवस खराब होईल." तू हे प्रेमाने म्हणालीस, मी तिथेच होतो. बेरित म्हणाली, "माझा दिवस ना? मग तो कसा घालवायचा ते मी ठरवते." तू हसलीस. पत्रं ट्रेमध्ये राहिली. आठ दिवस झाले.

आपल्या कायद्यात न पाठवलेलं पत्र म्हणजे काय? काहीच नाही. कच्चा मसुदा. तो कुणीही, कधीही, कुणाला न विचारता टाकू शकतो, कुठेही नोंद राहत नाही. पाठवलं की ते दप्तर होतं. आणि आज चार वाजता बेरितची नोकरी संपते. चारनंतर तिच्या सहीने कुठलंही पत्र जाणार नाही. नवा माणूस जानेवारीत येईल. तो म्हणेल, मला आधी सगळं समजून घेऊ दे. बरोबरच म्हणेल. मग वकिलांचं मत येईल. मग उन्हाळा येईल. मी तेवीस वर्षं जावक पाहतो आहे. कुठली पत्रं कधीच जात नाहीत, ते मला ओळखता येतं.

मारिता, तू थांबायला सांगितलंस, पण हुकूम दिला नाहीस. हुकूम लेखी असतो आणि त्याची नोंद असते. मी सकाळी पाहिलं, नोंद नाही. म्हणून माझ्या खुर्चीखाली ही जी पिशवी आहे त्यात ती दहा पाकिटं आहेत. तिकिटं लावलेली.

रूने, मला माफ कर. तुझ्या बायकोच्या निरोपाला मी तिची चूक सांगतो आहे. पण पंधरा दिवसांपूर्वी तिने मला विचारलं, "भाषण तू करणार आहेस ना?" मी म्हणालो, हो. "मग मला चांगली म्हणू नकोस. चांगली माणसं पुष्कळ असतात. काय झालं ते सांग." पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल पालिकेने तिला काचेचं मोठं भांडं दिलं होतं. त्यात ती टाचण्या ठेवते. आजच्या भेटीचं ती काय करील, ते मला माहीत नाही. पण तिने मागितलेली भेट मी आणली आहे.

मंडळी, आपण इतका वेळ शांतपणे ऐकलंत. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही. मारिताचा चेहरा मला इथून दिसतो आहे, तरी तीही उठली नाही. सर्वांचे मनापासून आभार. केक ज्यांनी आणला त्यांचेही आभार. अशा प्रसंगी शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं, की बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. बोलण्यातलं तेवढं घ्या. त्या दुसऱ्या चुकीची क्षमा मी इथे मागत नाही. ती देणं तुमच्या हातात नाही. ती ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापैकी कुणी आज या सभागृहात आहे की नाही, तेही मी सांगणार नाही.

तीन वाजून सतरा मिनिटं. बेरित, या वेळी जिना मी उतरतो. मारिता, थांबवायचं असेल तर दार एकच आहे आणि मला त्यातूनच जायचं आहे.

माझ्यासाठी केकचा तुकडा ठेवा. मी गाडी गेल्यावर वर येतो.